तिसरा ठक्

आमच्या इंडियानात माणूस चुकत असला तरी त्याला कुणी तसं सांगत नाही. अगदीच राहवलं नाही तर "तसंही करता येतं म्हणा" एवढं म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं. यापेक्षा कडक शब्द आमच्याकडे नाही. समोरच्या ऑरिननं एका उन्हाळ्यात सबंध घराला जांभळा रंग दिला, तेव्हा अख्खी गल्ली एकेक करून त्याच्या कुंपणापाशी जाऊन एवढंच म्हणून आली. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं घर पुन्हा पांढरं केलं. म्हणजे पद्धत कामाची आहे, नाही असं नाही. पण तिच्यामुळे माणसाच्या पोटात किती साठून राहतं, ते मला विचारा.

माझी मुलगी जोएल जुलैमधल्या एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "मला अलास्कात नोकरी मिळतेय. होमर गावी. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायची."

मी म्हटलं, "तिकडची हवा छान असते म्हणे." मग लोणी आणायच्या निमित्तानं गॅरेजमधल्या फ्रिजकडे गेले आणि त्यात डोकं घालून चांगली पाच मिनिटं उभी राहिले. लोणी टेबलावरच होतं.

माझा नवरा ड्वाइट म्हणाला, "लांब आहे." त्याचं भाषण तेवढंच असतं. तीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढल्यामुळे त्याला ऐकू कमी येतं, आणि बोलायची हौस तर त्याला आधीपासूनच नव्हती.

"तू खूश आहेस ना, आई?" परत आले तेव्हा जोएलनं विचारलं.

"मी कशाला नाखूश असेन?" मी म्हटलं. खोटारडी मेली. एकुलती एक मुलगी, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी, रविवारी न विचारता घरात शिरून सरळ पातेल्यात चमचा घालणारी. ती जगाच्या त्या टोकाला निघाली होती, आणि मी हवेच्या गप्पा मारत होते.

ऑगस्टच्या शेवटी देवाला माझी दया आली असं मला वाटलं. जोएलची पिकअप थरथरायला लागली. चाळीसच्या वेगाला आली की खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी हलायची. ड्वाइटनं एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "कन्व्हर्टर गेला."

कन्व्हर्टर म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. ज्या गाडीला क्लच नसतो, तिच्या इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारं हे गोल, जाडजूड भांडं. दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसं दिसतं. ते गेलं की गाडी लांबच्या प्रवासाच्या कामाची राहत नाही. आणि त्या पिकअपशिवाय जोएल जाणार कशी? तिच्या हत्यारांच्या पेट्या विमानानं न्यायच्या तर विमानच विकत घ्यावं लागलं असतं. होमरच्या मालकानं तर साफ सांगितलं होतं, एक ऑक्टोबरला हजर झाली नाहीस तर दुसरं माणूस तयार आहे.

त्या दिवशी मी साखर-सायीचा 'पाय' भाजला, म्हणजे पिठाच्या पारीत साय-साखर भरून भाजतात तो गोड पदार्थ. नाताळशिवाय मी तो कधी करत नाही. जोएलनं ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज काय विशेष?"

"साय उरली होती."

दुसऱ्या दिवशी तिनं नवा कन्व्हर्टर मागवला. मी मनातल्या मनात त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली.

शनिवारी सकाळी पिकअप आमच्या गॅरेजपुढे चार ठोकळ्यांवर चढली. कुणी गाडीखाली शिरलं की आमच्या गल्लीत निमंत्रण लागत नाही. ऑरिन आपली घडीची खुर्ची काखोटीला मारून आला. माझी नणंद नोला मसाला भरलेल्या अंड्यांचा डबा घेऊन आली. रेडिओवर कॉलेजच्या फुटबॉलचा सामना लागला. खुर्च्या मांडल्या गेल्या, बिअर उघडली गेली आणि उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं.

"जॅक जरा डावीकडे घे, जोएल," नोला म्हणाली. नोलानं जन्मात कधी टायरसुद्धा बदललेला नाही.

"आत्या, डावीकडे तुझा पाय आहे."

"मग पाय काढते ना!"

मी स्वयंपाकघरात चिली रांधत होते, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, मॅकरोनी घातलेला, आमच्याकडे करतात तसा. माझी खिडकी गॅरेजमध्येच उघडते. घर बांधणाऱ्यानं असं का केलं ते त्यालाच ठाऊक. पण लग्न झाल्यापासून माझ्या फोडणीचा वास गॅरेजात आणि गॅरेजातल्या तेलाचा वास माझ्या भाकरीत, असा आमचा संसार आहे. ड्वाइट सुट्टीच्या दिवशी लोकांचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचा. मी कधी पान्याला हात लावला नाही, लावायची इच्छाही नव्हती. पण कान काही बंद करता येत नाहीत. एक गोष्ट मला पाठ झाली होती. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसतो तो एका दमात बसत नाही. तो फिरवत फिरवत दाबायचा. मग एकेक पायरी उतरल्यासारखा तो आत सरकतो आणि दर वेळी आवाज होतो. ठक्. पुन्हा ठक्. आणि शेवटचा ठक् जरा खोलातून येतो, त्या वेळी तो तेलाच्या पंपात जाऊन बसलेला असतो. तीन म्हणजे तीन. बटाटे सोलता सोलता मी ते मोजायची, आणि तिसरा झाला की जेवण वाढायला घ्यायची, कारण त्यानंतर ड्वाइट हात धुवायला यायचा.

जोएलनं नव्या कन्व्हर्टरमध्ये तेल ओतलं. खाली उतरवलेला गिअरबॉक्स गॅरेजच्या फरशीवर तोंड वर करून उभा होता. तिनं कन्व्हर्टर उचलून त्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी फिरवत दाबायला लागली. ड्वाइट शेजारी उकिडवा बसला होता.

ठक्.

मी चिली ढवळत होते.

ठक्.

तेवढ्यात रेडिओवर आपल्या पोरांनी गुण पटकावले. ऑरिन खुर्चीतून उडाला, नोलानं किंकाळी फोडली, ड्वाइटलासुद्धा ऐकू गेलं. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत असताना जोएल उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "बसला!"

माझा डाव हातातच राहिला.

तिसरा झाला नव्हता. आरडाओरड्यात हरवला असेल म्हणावं, तर तो नुसता कानाला कळत नाही, फरशीतून पायाला कळतो. माझ्या पायाला काही कळलं नव्हतं.

पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. नोलाच्या नवऱ्याच्या गाडीला ड्वाइटनं एकदा घाईत तसंच केलं होतं. कन्व्हर्टर अर्धवट बसलेला असताना गिअरबॉक्स इंजिनाला जोडायला गेलं की मध्ये फट राहते. मग माणूस म्हणतो, बोल्ट आवळू, येईल ओढला. बोल्ट ओढतात, आणि आत पंप कडकन फुटतो. मग पुन्हा सगळं खाली काढा, सगळं उघडा, पंप मिळतोय का शोधत बसा. नोलाच्या नवऱ्याची गाडी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत आमच्या दारात पडून होती.

थँक्सगिव्हिंगपर्यंत! तोवर एक ऑक्टोबर कधीच उलटून गेला असता.

खरं सांगते, मी गॅस बारीक केला आणि चिली ढवळत राहिले. मला कुणी दोष देणार नव्हतं. ज्या बाईनं पाना कधी हातात धरला नाही तिला काय कळणार? शिवाय मध्ये न बोलणं ही तर आमची रीतच. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या रीतीचा इतका पुळका आला.

त्यांनी कन्व्हर्टर पट्ट्यानं बांधला, गिअरबॉक्स आडवा करून जॅकवर चढवला आणि पिकअपखाली नेला. जोएल पाठीवर झोपून आत शिरली. ड्वाइट मागच्या बाजूला जॅकचा दांडा धरून बसला. त्याला तिथून पुढचं काही दिसत नव्हतं. मी वाडगे घेऊन बाहेर आले. वाडगे नंतरही आणता आले असते, पण घरात पाय ठरेना.

गिअरबॉक्स वर गेला, इंजिनाला भिडायला आला आणि थांबला. मधे बोटभर फट.

"बसला का?" ड्वाइट ओरडला.

"जवळजवळ," जोएल आतून म्हणाली.

नोला खुर्चीतून वाकून बघत म्हणाली, "एवढीशी तर फट आहे. बोल्टनं ओढून घे की."

ऑरिनही वाकला. ऑरिन ड्वाइटबरोबर त्याच कारखान्यात होता. त्यानं फट पाहिली, बिअरचा घोट घेतला, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "हं. तसंही करता येतं म्हणा."

म्हणजे माझा कान चुकलेला नव्हता.

जोएलनं बोल्ट घातले. पाना लावला. गाडीखालून फक्त तिचा चेहरा माझ्याकडे वळला, गालावर काळ्या तेलाचा फराटा. "काय गं, आई?"

"काही नाही. चिली झाली."

"आलेच."

ती पुन्हा बोल्टकडे वळली. आणि गुणगुणायला लागली. लहान असताना अंगणात चिखलाचे केक करताना गुणगुणायची तशी, सूर ना ताल. गेली दोन वर्षं ती या गावात गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत होती, आणि त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही गुणगुणताना ऐकलं नव्हतं. माझी पोर रविवारी माझ्या पातेल्यात चमचा घालायची, तेव्हा ती उपाशी होती म्हणून घालत नव्हती. कंटाळली होती म्हणून घालत होती. हे मला माहीत होतं. आईला सगळं माहीत असतं, कळून न कळल्यासारखं करायचं असतं एवढंच.

पाना हलला.

"थांब!" मी ओरडले. "हात काढ तो! काढ म्हणते ना! बसलेला नाहीये तो!"

गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. आमच्या रस्त्यावर इतक्या मोठ्यानं कुणी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक वाडगा माझ्या हातातून सुटून फुटला होता. नोलानं छातीवर हात ठेवला. ड्वाइट जॅकचा दांडा सोडून उभा राहिला. "कोण ओरडलं?"

"मी! दोनच ठक् झाले, ड्वाइट! दोनच! तीस वर्षं ऐकतेय मी, तीन होतात!"

ड्वाइट वाकून पुढे आला, फट पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "बाप रे," तो म्हणाला. "बरोबर आहे हिचं."

"मला वाटलंच होतं," ऑरिन म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. "वाटलं होतं तर बोलला का नाहीस रे, मुखदुर्बळा?"

"बोललो की! तसंही करता येतं म्हणालो ना!"

"अरे, तसं करता येत नाही! नाही करता येत म्हणून सांगायचं!"

"इतकं तोंडावर कसं सांगायचं, व्हेल्डा?" बिचारा इतका मनापासून बोलला की नोला फस्सकन हसली. मग ऑरिन हसला, मग ड्वाइटला सगळं पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं आणि तो सगळ्यांच्या मागून एकटा हसला. गाडीखालून जोएलचे नुसते बूट दिसत होते, तेही हलत होते.

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. पुन्हा उभा केला. नोलानं स्वतःहून रेडिओ बंद केला, आणि त्या वेळी सामना शेवटच्या मिनिटांत होता, हे लक्षात घ्या. जोएल गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आई, इकडे ये. हात लाव."

"मी? माझे हात चिलीचे आहेत."

"तेलानं धुतले जातील. ये."

मी बसले. गुडघे कुरकुरले. तिनं माझे हात त्या भांड्यावर ठेवले आणि वर तिचे. थंडगार होतं आणि जड. "दाबू नकोस जोरात. फिरव. वजन टाकून नुसतं फिरवत राहा. ते आपलं आपण जागा शोधतं."

आम्ही फिरवलं. इकडे, मग तिकडे. काही होईना. ऑरिननं श्वास रोखला होता. त्याच्या नाकातून शिट्टी येत होती ती बंद झाली. अजून थोडं फिरवलं. आणि माझ्या हाताखालचं ते वजन एकदम अलगद खाली गेलं.

ठक्.

काय सांगू! इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज त्या दिवशी तळहातातून खांद्यापर्यंत चढला. मी "झाला! झाला!" म्हणून लहान पोरीसारखी ओरडले. नोलानं टाळ्या पिटल्या, ऑरिननं टोपी उडवली ती छपराच्या पन्हळीत जाऊन अडकली. ड्वाइटनं तेलकट फरशीवर माझ्या शेजारी बसून माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. चारचौघांत त्यानं असं काही केल्याची ती पहिलीच वेळ.

नंतर मात्र सगळं लोण्यासारखं झालं. गिअरबॉक्स वर गेला आणि इंजिनाला हातानंच जाऊन चिकटला, फट नाही की काही नाही. पिकअपचा मागचा फाळका खाली पाडून त्यावर वाडगे मांडले आणि आम्ही चिली खाल्ली. सामना आपण हरलो होतो, आणि त्याचं कुणालाही काही वाटलं नाही. दुपार कलेपर्यंत उरलेले पाइप जोडून झाले, तेल भरून झालं. जोएलनं किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि पिकअप कुरकुर न करता चार पावलं पुढे सरकली.

"आई, बस," ती म्हणाली. "चक्कर मारू."

"बाबांना ने की."

"तुला म्हटलं."

गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे वाळलेला मका, कापणीला आलेला. वीस, तीस, पस्तीस. मी दाराचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. चाळीस आले आणि गेले. पोटातलं पाणी हललं नसतं इतकी सरळ चालली गाडी. जोएलनं स्टिअरिंगवर थाप मारली. मीही डॅशबोर्डवर थाप मारली, म्हटलं आपलाही हात लागलाय.

थोडं पुढे गेल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोनच झालेत हे मला माहीत होतं."

"काय?"

"आधी नाही. आधी खरंच फसले, त्या आरडाओरड्यात. पण फट दिसल्यावर लक्षात आलं. पाना मी नुसता लावला होता. बोल्ट सैल होते, हातानं फिरत होते."

"मग काढायचे सोडून गाणं कसलं म्हणत होतीस?"

"तू खिडकीत मोजतेस ते मला लहानपणापासून माहीत आहे. ओठ हलतात तुझे." ती जरा थांबली. "जुलैपासून विचारतेय तुला. कधी हवा छान म्हणतेस, कधी नाताळचं गोड भाजतेस. जा म्हणतेस की नको, काही कळू देत नाहीस. म्हटलं, आता कळेल. तू गप्प राहिली असतीस, तर मी बोल्ट काढले असते, आणि होमरला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं असतं."

मला ते नीट कळायला मक्याचं एक अख्खं शेत जावं लागलं.

"म्हणजे मी तोंड बंद ठेवलं असतं तर तू राहिली असतीस?"

"हो."

"कार्टे! गाडी थांबव. आत्ताच्या आत्ता थांबव!"

तिनं गाडी कडेला घेतली. मला तिला दोन रट्टे द्यायचे होते. जन्मभर मी नको तिथे गप्प बसले, आणि जिथे गप्प बसायला हवं होतं नेमकी तिथे गल्ली दणाणून सोडली! हे मी तिला मोठ्यानं बोलून दाखवलं आणि बोलता बोलता मला हसू फुटलं. ती हसायला लागली. दोघी इतक्या हसलो की पिकअप नव्या कन्व्हर्टरसकट हलायला लागली. कुठल्या क्षणी रडायला लागलो ते मला सांगता येणार नाही.

तिनं तेलकट बाहीनं नाक पुसलं. "आता तरी सरळ सांग, आई. जाऊ?"

"जाऊ नकोस असं वाटतं," मी म्हटलं. "आज वाटतं, उद्या वाटेल, रोज वाटेल. तू गेलीस की मी तुझ्या नावानं रोज रडणार आहे आणि तुझ्या बाबांना ऐकू जात नाही म्हणून मोठ्यानं रडणार आहे. कळलं? आता जा."

तिनं मान डोलावली.

"आणि तिकडे घर घेशील ते दोन खोल्यांचं घे," मी म्हटलं. "बर्फ वितळलं की मी येणार आहे. महिनाभर राहणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."